बुलेटचा एक्झॉस्ट रॉकर, आणि त्याच्या मागून निघालेलं बाकी सगळं

इंदूरहून खंडवा रोडने भेरूघाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद असतो आणि गाडी इंजिनावर धरलेली असते. आमची बुलेट नेमका त्याच वेळी निळा धूर सोडायची. चढावर काही नाही, सपाटीवर काही नाही. उतार संपून थ्रॉटल पुन्हा दिला की मागून येणाऱ्या भाच्याच्या तोंडावर भपकन एक ढग. बलवाड्याला चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुमच्या मागे चालवायचं म्हणजे आरतीच्या वेळी देवघरात उभं राहण्यासारखं आहे."

गाडी मद्रासच्या कारखान्यातली, साठच्या दशकातली. ७० मिलिमीटर बोअर, ९० स्ट्रोक, ३४६ सीसी, सहा व्होल्टची. सिलिंडर बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. कॉम्प्रेशन ६.५:१, म्हणजे आजच्या मानाने फारच कमी. असलं इंजिन सहनशील असतं. निम्मं बिघडलेलं असलं तरी किकला उठतं आणि महूपर्यंत जाऊन येतं, त्यामुळे आत काय चाललंय ते लवकर कळत नाही.

धुराचं निदान इंदुरात कोपऱ्याकोपऱ्यावर फुकट मिळतं. "भिया, बोर करवा लो, रिंग-पिस्टन डलवा लो." मला ते पटलं नाही, कारण रिंगा गेलेल्या गाडीला चढावर, इंजिनावर जोर असतानाही धूर येतो. थ्रॉटल बंद असताना इनलेट पोर्टमध्ये जोरदार ओढ तयार होते आणि व्हॉल्व्हची दांडी तिच्या गाईडमध्ये, म्हणजे ती ज्या नळीतून वर-खाली सरकते तीत, ढिली असली, तर त्या फटीतून वरचं ऑइल खाली खेचलं जातं. उतारावरचा धूर म्हणजे बहुतेक वेळा इनलेट गाईड.

खात्री करायला घरच्या अंगणात एक साधी परीक्षा घेतली. पिस्टन कॉम्प्रेशनवर आणायचा, किकवर पायाचं वजन ठेवायचं आणि ऐकत थांबायचं. हवा कुठून जाते ते कान सांगतो. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, आली तर रिंगा. ब्रीदर गप्प होता. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र स्पष्ट आवाज, आणि किक पायाखाली हळूहळू बसत चाललेली. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा तेच केलं. रिंगा दोषी असत्या तर ऑइलने त्या थोडा वेळ तरी सावरल्या असत्या. काही फरक पडला नाही. म्हणजे काम हेडमध्ये होतं, आणि धुरावरून इनलेटचं, गळतीवरून एक्झॉस्टचं, असं दोन्ही व्हॉल्व्हचं होतं.

टाकी उतरवली, रॉकर कव्हरं काढली. रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारी छोटी तरफ. बुलेटचा प्रत्येक रॉकर दोन अर्धुकांच्या ब्लॉकमध्ये धरलेला असतो, चार नटांवर. ही अर्धुकं एकत्र बोअर केलेली असतात. एकाचं झाकण दुसऱ्यावर चढवलं की रॉकर एकतर अडकतो, नाहीतर डुलतो. म्हणून काढण्याआधीच पंचाने खुणा केल्या, इनलेटला एक टिंब, एक्झॉस्टला दोन, आणि दोन्ही जोड्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या.

इनलेटचा रॉकर बाहेर आला तो चकचकीत. एक्झॉस्टचा पाहिला आणि तिथेच खाली बसलो. व्हॉल्व्हच्या दांडीवर दाबणाऱ्या टोकाला आडवी खाच पडली होती, नख घातलं तर अडकेल इतकी खोल. समोर व्हॉल्व्हच्या दांडीचं डोकं ठोकून ठोकून पसरलेलं, कडेला बारीक ओठ आलेला. असा व्हॉल्व्ह तसाच ठोकून बाहेर काढायचा नसतो. तो ओठ गाईडमधून जाताना पूर्ण लांबीला ओरखडा ओढतो. आधी बारीक कानशीने ओठ उतरवायचा, मग व्हॉल्व्ह बोटाने ढकलून निघाला पाहिजे.

सगळं एका ट्रेमध्ये घालून नानांकडे गेलो. नाना हुकुमचंद मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९९१ मध्ये मिल बंद पडली, त्यानंतर मल्हारगंजातल्या घरामागच्या शेडमध्ये त्यांनी लेथ टाकला. आता वय झालंय, रोजचं काम घेत नाहीत. पण जुन्या इंजिनाचं काही आलं की चष्मा शोधायला लागतात.

नानांनी मायक्रोमीटर उचलला नाही. भिंतीवरची एक नवी कोरी कानस काढली आणि इनलेटच्या रॉकरवर हलकेच फिरवली. कानस काचेवरून घसरावी तशी सरकली, एक कणही निघाला नाही. मग एक्झॉस्टच्या रॉकरवर फिरवली. चर्रर्र. बोटावर राखाडी कीस.

"हे ओरिजिनल टोक नाही," नाना म्हणाले. "आधी कुणीतरी भरलंय. साध्या रॉडने."

भिंग लावून पाहिल्यावर वेल्डिंगची कडा दिसली. कधीतरी, आमच्याकडे गाडी येण्याआधी, कुठल्यातरी मेस्त्रीने झिजलेलं टोक साध्या लोखंडी इलेक्ट्रोडने भरून, ग्राइंडरवर गोल करून दिलं होतं. दिसायला ठीक. पण त्या जागी पृष्ठभाग कडक लागतो. मऊ लोखंड तिथे थोडे दिवस टिकतं आणि मग खाच पडत जाते. खाच पडली की रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावरून सरकत नाही, त्यात अडकतं आणि दांडीला खाली दाबता दाबता बाजूलाही ढकलतं. तो बाजूचा रेटा गाईड खातो. मग गाईड लंबगोल होतं, व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे मिटताना तो टेकतो त्या कडेवर, सरळ बसत नाही आणि सीट ठोकली जाऊन रुंद होते. शेवटी गॅस गळायला लागतो. मला अंगणात ऐकू आली होती ती साखळीची शेवटची कडी.

"पण पहिल्यांदा झिजलं कशाने?" नानांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ट्रेमधून ऑइलची बारीक नळी उचलली. रॉकरना ऑइल बाहेरून जाणाऱ्या या नळीतून मिळतं आणि ती हेडला बॅन्जो बोल्टने जोडलेली असते. बोल्ट पोकळ असतो, त्याला आडवं बारीक भोक. इनलेटकडच्या बोल्टमधून उजेड दिसत होता. एक्झॉस्टकडच्या भोकात तपकिरी, कडक झालेला गॅस्केटचा लेप बसला होता. वॉशरमधून गळू नये म्हणून कुणीतरी सढळ हाताने लेप लावला आणि जादा झालेला आत दाबला गेला. बाहेरची गळती थांबली. आतलं ऑइलही थांबलं, अगदी पूर्ण नाही, पण रॉकर कोरडा पडण्याइतकं. पाणी इथे मुरत होतं.

दोन्ही बोल्ट आणि नळी आधी साफ झाली. नानांनी ते करून घेतल्याशिवाय पुढच्या कामाला हातच लावला नाही.

रॉकर नवा का घेतला नाही, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. घेतला होता. बाजारातून एक आणून नानांच्या टेबलावर ठेवला. कानस त्याच्यावरही चालली, जुन्या भरावाइतकी नाही पण चालली. शिवाय टोकाची गोलाई आमच्या इनलेट रॉकरशी जुळत नव्हती. सगळेच बाजारू भाग असे असतात असं मी म्हणणार नाही, पण जुन्या रॉकरचं फोर्जिंग उत्तम स्थितीत असताना निव्वळ टोकासाठी ते भंगारात घालणं मला जिवावर आलं. तो नवा रॉकर परत केला.

टोक भरायचं ठरलं ते स्टेलाइटने. कोबाल्ट आणि क्रोमियमचे हे मिश्रधातू अमेरिकेतल्या एलवुड हेन्सने शोधले, त्याचं पहिलं पेटंट १९०७ चं. लोखंडापेक्षा याची मोठी गोष्ट म्हणजे तापल्यावरही ते आपला कडकपणा धरून ठेवतं. म्हणूनच मोठ्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावर तेच चढवतात. हार्ड क्रोमचा पर्याय मी सुचवला होता. नाना म्हणाले, "क्रोम वरचा पापुद्रा आहे. खाली मऊ भराव तसाच ठेवून वर क्रोम चढवलंस, तर दाबाखाली खालचं दबेल आणि वरचं फुटेल."

जुना भराव मूळ धातू लागेपर्यंत घासून काढला. मग गॅस वेल्डिंग. मी आजवर पाहिलेल्या वेल्डिंगपेक्षा हे फार वेगळं होतं. अ‍ॅसिटिलीन मुद्दाम जास्त ठेवलं, ज्योतीच्या आतल्या टोकदार शंकूच्या पुढे पांढुरकी पिसासारखी ज्योत त्याच्या तिप्पट लांब. सगळा रॉकर आधी सावकाश तापवला, मग टोकावर आले. लोखंड वितळवायचं नव्हतं. ते लाल झालं, मग केशरी, आणि एका क्षणी त्याचा कोरडा पृष्ठभाग एकदम ओलसर दिसायला लागला. "घाम आला बघ," नाना म्हणाले आणि त्याच वेळी स्टेलाइटची कांडी ज्योतीत आणली. थेंब त्या ओल्या जागेवर पडला आणि आपोआप पसरला. घामाच्या आधी टाकलं तर चिकटत नाही, उशिरा टाकलं तर लोखंड वितळून स्टेलाइटमध्ये मिसळतं आणि ते पातळ पडतं. दोन थेंब, तिसरा अर्धा. लगेच ज्योत बाजूला, आणि रॉकर सुक्या राखेच्या डब्यात पुरून टाकला. हवेत उघडा ठेवला तर भराला तडे जातात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही, अशी तंबी मिळाली.

घासणं हे भरण्यापेक्षा वेळखाऊ निघालं. टोकाची गोलाई डोळ्यांनी जमत नाही. इनलेटचा रॉकर अस्सल असल्याने त्याच्या टोकावरून नानांनी पातळ पत्र्याचा साचा कापला आणि तो उजेडासमोर धरून एक्झॉस्टचं टोक त्याला जुळवत गेले. चाकावर एका वेळी हलकासा स्पर्श, मग थांबायचं. जोर लावला तर पृष्ठभाग तापून केसासारख्या भेगा पडतात. शेवटी तेलाच्या बारीक दगडाने, टोक ज्या दिशेने व्हॉल्व्हवरून सरकतं त्याच दिशेने घासून चकाकी आणली. कानस फिरवून पाहिली. सरकली.

पण रॉकर तयार झाला म्हणजे बसवता येईल असं नव्हतं. आधी हेड. आणि हेडमध्ये आधी गाईड, मग सीट. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण सीट कापणाऱ्या कटरचा दांडा गाईडमध्येच बसतो. ढिल्या गाईडवर कापलेली सीट गाईड बदललं की तिरकी ठरते. शहरात मला दोन ठिकाणी "सीट कटिंग करके देते हैं, गाइड चल जाएगी" असं सांगितलं गेलं होतं, ते ऐकून घेऊन मी ट्रे परत उचलला होता.

मोजमाप असं निघालं. एक्झॉस्टचं गाईड वरच्या तोंडाशी, रॉकरच्या रेषेत, दांडीपेक्षा आठ थाऊ मोठं आणि त्याच्या आडव्या दिशेत चार. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे ०.०२५ मिलिमीटर. इनलेटचं गाईड सगळीकडे सारखंच पाच थाऊ, म्हणजे ते बाजूच्या रेट्याने नाही, वयाने गेलं होतं. भेरूघाटातला धूर त्याचाच.

गाईड कशाचं, यावर आमचं जुंपलं. मला फॉस्फर ब्राँझ हवं होतं. ते उष्णता चांगली वाहून नेतं आणि हल्ली जो तो तेच घालतो. नाना बिडावर ठाम. ब्राँझ तापल्यावर जास्त फुगतं, एक्झॉस्टला फट जास्त ठेवावी लागते, नाहीतर दांडी धरते. बिडात ग्रॅफाइट असतं, ऑइल कमी पडलं तरी ते थोडं सांभाळून घेतं. आणि हे इंजिन असं किती फिरणार? "तुला रेस लावायची आहे का ओंकारेश्वरला जायचंय?" बीड ठरलं. आज मला वाटतं की या इंजिनासाठी तेच बरोबर होतं, तरी वेगाने फिरणाऱ्या इंजिनात मी ब्राँझच घालेन.

जुनी गाईडं काढण्याआधी पोर्टमध्ये डोकावणारं त्यांचं टोक खरवडून काजळी काढली. ती कडक काजळी हेडच्या भोकातून ओढली गेली असती तर भोक खराब झालं असतं. हेड इलेक्ट्रोड सुकवायच्या भट्टीत १८० अंशांपर्यंत तापवलं आणि पायरीच्या ड्रिफ्टने गाईडं ठोकून काढली. नवी गाईडं लेथवर भोकापेक्षा दीड थाऊ जाड वळली होती आणि रात्रभर नानींच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी होती. तापलेल्या हेडमध्ये थंड गाईड एका ठोक्यात बसलं. बसल्यावर त्याचं भोक थोडं आवळतं, म्हणून भोक मापाला आणणारा रीमर त्यानंतर. इनलेटला दोन थाऊ फट ठेवली, एक्झॉस्टला तीन.

सीटचं काम त्यामानाने सरळ गेलं. मुख्य तोंड ४५ अंशांचं. एक्झॉस्टची सीट ठोकून तीन मिलिमीटरच्या वर रुंद झाली होती. वरून ३० आणि खालून ६० अंशांचे कटर लावून ती दोनवर आणली, इनलेटची दीडवर. एक्झॉस्टची थोडी रुंद ठेवायची, कारण त्या व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर पडते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवा घेतला. इनलेटचा मशीनवर तोंड घासून परत वापरला, कड पुरेशी जाड होती. घासायची पेस्ट नानांनी नावापुरतीच वापरली. पेस्टने खराब सीट चांगली होत नाही, चांगली सीट कुठे टेकते ते फक्त दिसतं. पोर्टमध्ये रॉकेल ओतून हेड रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी व्हॉल्व्हच्या कडा कोरड्या.

त्याच शेडमध्ये एका गृहस्थांच्या बीएसए एम२० चा सिलिंडर पडला होता. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी गाडी, ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह. तिला रॉकरच नाहीत. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूलाच बसतात आणि सीट थेट बिडाच्या सिलिंडरमध्ये कापलेली. आपल्याकडे २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर पेट्रोल शिसेविरहित झालं. तोवर शिशाचा पातळ थर अशा मऊ सीटांना सांभाळत असे. त्या सिलिंडरला आता कडक धातूची रिंग बसवायची होती. आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला सीटची रिंग मुळातच असल्याने तो प्रश्न नव्हता.

स्प्रिंगा आणि लॉक नवे घातले, त्यांच्यावर कलाकुसर करण्यात अर्थ नाही. कॅम आणि टॅपेट तपासले, कडक आणि गुळगुळीत होते. एक्झॉस्ट रॉकरच्या ब्लॉकला मात्र कोरडं चालल्याच्या रेघा होत्या. नानांनी झाकणाचा तळ सपाट प्लेटवर थोडा घासला, अर्धुकं आवळून भोक पुन्हा होन केलं, म्हणजे बारीक घासून मापाला आणलं, आणि ऑइलची वाट मोकळी असल्याचं तार घालून पाहिलं.

जोडताना खरी कसोटी रॉकर आणि व्हॉल्व्ह कुठे भेटतात याची होती. सीट कापल्याने व्हॉल्व्ह आत बसतो, दांडी तेवढी वर येते आणि रॉकरचा कोन बदलतो. दांडीच्या डोक्यावर निळा रंग लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. पुसला गेलेला पट्टा अरुंद होता, पण मध्यापासून किंचित बाहेरच्या कडेला. नानांनी दांडीचं डोकं मशीनवर थोडं उतरवलं. जास्त नाही, कारण तिथला कडक थर पातळ असतो. पट्टा मध्याजवळ आला.

टॅपेट लावायची, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायची, बुलेटची रीत सोपी आहे. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर, सिलिंडरच्या उजव्या अंगाचं झाकण काढायचं आणि पुशरॉडच्या, म्हणजे कॅमकडून रॉकरला वर ढकलणाऱ्या दांडीच्या, खालच्या टोकाचा अ‍ॅडजस्टर फिरवायचा. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, वर-खाली मात्र अजिबात हलता कामा नये. फीलर गेज लागत नाही, फट शून्य. पुशरॉड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने इंजिन तापून वाढतं तेव्हा तेही वाढतात. किक मारण्याआधी प्लग काढून, हेडकडचे बॅन्जो बोल्ट सैल ठेवून ऑइल झिरपेपर्यंत इंजिन फिरवलं. एक्झॉस्टकडून आधी आलं, हे पाहून मला बरं वाटलं.

भेरूघाट उतरताना भाचा मुद्दाम मागे राहिला. धूर नाही. टकटक आहे, पण एकसारखी आणि हलकी.

पाचशे किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा आवळले आणि थंड इंजिनावर टॅपेट तपासले. इनलेटचा पुशरॉड तसाच फिरत होता. एक्झॉस्टचा जड झाला होता, बोटांनी फिरेना. नवा व्हॉल्व्ह नव्या सीटवर बसत जातो, आत सरकतो, आणि फट वाढण्याऐवजी कमी होते. हे कानाला कळत नाही, उलट गाडी जास्त शांत वाटते. तसंच चालवलं तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. अ‍ॅडजस्टर किंचित सैल करून लॉकनट आवळला. पुढच्या ऑइल बदलाला पुन्हा बघायचं आहे, बॅन्जो बोल्टसकट.